जुन्या मोटार-एंजिनांना तेलपंपाची जोड

१९०८ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटारगाडी बाजारात आली आणि १९२७ च्या मे महिन्यापर्यंत अशा दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. या गाडीच्या एंजिनाला तेलपंप नव्हता. तेलाचा दाब दाखविणारी तबकडी चालकासमोर नव्हती; इतकेच काय, तेलाची पातळी पाहावयाची सळईदेखील नव्हती. पातळी पाहावयाची झाल्यास गाडीखाली शिरावे, फ्लायव्हीलच्या पेटीला खालीवर बसविलेल्या दोन लहान तोट्या उघडाव्यात आणि अनुमान करावे: वरच्या तोटीतून तेल आले तर ते जास्त झाले, खालच्या तोटीतूनही आले नाही तर ते धोक्याइतके कमी झाले. एवढ्या तुटपुंज्या व्यवस्थेवर या गाड्यांनी कच्च्या रस्त्यांचे खंडच्या खंड तुडविले.

आज या गाड्यांपैकी ज्या शिल्लक आहेत त्यांचे धनी त्या नुसत्या झाकून ठेवीत नाहीत. ते त्या चालवितात. आणि रस्ते गुळगुळीत झाल्यामुळे पूर्वीपेक्षा लांबवर व अधिक वेगाने चालवितात. मग एखाद्या दिवशी एंजिनातून ठोका ऐकू येऊ लागतो. बेअरिंगातील मऊ धातू वितळून गेलेला असतो. गाडी तशीच पुढे दामटली तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो, आणि शतकापूर्वी ओतलेला मूळ ब्लॉक कायमचा निकामी होतो. हे टाळण्यासाठी अशा एंजिनाला मागाहून तेलपंप जोडावा की काय, आणि जोडला तर त्याने नेमके काय साधते, हा प्रश्न जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत सतत चर्चिला जातो. त्याचे उत्तर वरवर वाटते तितके सरळ नाही.

या विषयावर मराठीत लिहू जाता परिभाषेचा प्रश्न लागलीच उभा राहतो. मराठी विश्वकोशात बेअरिंगला धारवा, क्रँकशाफ्टला भुजादंड, फ्लायव्हीलला प्रचक्र आणि पिस्टनला दट्ट्या असे प्रतिशब्द योजलेले आढळतात. त्यांतला ‘धारवा’ हा शब्द विशेष चांगला. जो धारण करतो तो धारवा, असा त्याचा अर्थ ऐकताक्षणीच उलगडतो. पण गॅरेजातील माणूस बेअरिंग, क्रँक आणि पिस्टन असेच म्हणतो, आणि ज्याच्या हाताला तेल लागलेले असते त्याचा शब्द सहसा टिकतो. म्हणून पुढील विवेचनात त्याचेच शब्द घेतले आहेत. एक शब्द मात्र ग्रंथकार आणि कारागीर या दोघांचाही आहे, तो म्हणजे ‘वंगण’. बैलगाडीच्या आसाला आणि तुंब्याला जे घालावयाचे त्याचे हे नाव कोणतीही दुरुस्ती न होता मोटारीकडे आले. क्रियापद मात्र तसेच राहिले नाही. गाडीच्या आसाला वंगण ‘घालतात’. एंजिनाला तेल ‘पुरवावे’ लागते. घालणे ही प्रसंगोपात्त क्रिया आहे, पुरविणे ही अखंड क्रिया आहे. तेलपंपाचा सारा इतिहास या दोन क्रियापदांमधल्या अंतरात मावतो असे म्हणावयास हरकत नाही.

मोटारीच्या पहिल्या काळात एंजिनातही तेल अक्षरशः घातलेच जात असे. चालकापुढील फळीवर काचेच्या लहान नळकांड्या असत, त्यांतून थेंब थेंब तेल नळ्यांवाटे बेअरिंगांकडे उतरे, आणि थेंबांची गती स्क्रू पिळून कमीजास्त करावी लागे. कित्येक गाड्यांत व मोटारसायकलींत हातपंप असे. काही मैल गेले की चालकाने त्याचा एक दट्टा मारावयाचा. असे तेल परत गोळा होत नसे. काही जळून धुराच्या रूपाने मागे निघून जाई, काही रस्त्यावर सांडे. चालकाचे लक्ष उडाले की एंजिन कोरडे, आणि त्याने भीतीपोटी दट्टा दोनदा मारला की मागे निळ्या धुराचा लोट, अशी ही पद्धत होती.

मॉडेल टीची योजना याच्या पुढची, आणि तिच्या साधेपणामुळे आजही कौतुकास पात्र ठरणारी आहे. या एंजिनाचे फ्लायव्हील मागील बाजूस असून त्यावर मॅग्नेटोचे सोळा लोहचुंबक बसविलेले असतात. फ्लायव्हीलचा खालचा भाग तेलात बुडलेला असतो. ते फिरू लागले की चुंबक तेल उचलून वर भिरकावतात. या उडणाऱ्या तेलाचा काही अंश वरच्या बाजूस लावलेल्या एका नरसाळ्यात सापडतो आणि एका बारीक नळीने आतल्या आत एंजिनाच्या पुढच्या टोकाकडे वाहत जातो. तेथे तो दंतचक्रांवर पडतो. मग तेल परत मागे यावयास निघते, आणि वाटेत कनेक्टिंग रॉडांखालच्या पन्हळी भरीत येते. प्रत्येक फेऱ्यात रॉडाचे खालचे टोक पन्हळीतल्या तेलात बुडते, तेल चहूकडे उडते, आणि बेअरिंगे, सिलिंडरांच्या भिंती व कॅमशाफ्ट हे सर्व भिजून निघतात. उरलेले तेल उताराने पुन्हा फ्लायव्हीलच्या पेटीत येते. म्हणजे पंप नव्हता असे म्हणताना थोडे थांबले पाहिजे. पंपाचे काम फ्लायव्हीलच करीत होते. फक्त त्याला दाब निर्माण करता येत नव्हता.

फोर्डला पंप ठाऊक नव्हता असेही नव्हे. पंपाने दाबाखाली तेल पुरविण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतील आल्बर्ट पेन याने वेगवान वाफेच्या एंजिनांसाठी तिचे पेटंट १८९० मध्ये घेतले होते. इंग्लंडात लँचेस्टरच्या १९०४ च्या चार सिलिंडरी गाडीत, आणि त्यानंतर लवकरच रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीत क्रँकशाफ्टला दाबाने तेल मिळत असे. परंतु त्या गाड्या श्रीमंतांच्या होत्या. फोर्डची दृष्टी वेगळी होती. पहिल्या सुमारे २५०० मॉडेल टी गाड्यांना थंड पाणी खेळविण्यासाठी पंप होता. तोही पुढे काढून टाकण्यात आला आणि तापलेले पाणी आपोआप वर चढते या गुणावर काम भागविण्यात आले. ज्या कारखानदाराने असलेला पंप काढला, तो नसलेला पंप घालील ही अपेक्षाच चुकीची होती.

पंपाशिवाय हे एंजिन टिकले कसे, हा यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मोटारीच्या जन्माआधीच मिळालेले आहे, आणि ते नीट समजल्याखेरीज मागाहून पंप जोडण्याची सगळी खटपट आंधळी ठरते.

इंग्लंडातील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने बोशँप टॉवर याच्याकडे घर्षणाच्या प्रयोगांचे काम सोपविले होते. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत रेल्वेच्या डब्याच्या आसासारखा एक दंड खालच्या बाजूने तेलात बुडवून फिरविला जात असे व त्याच्या माथ्यावर वजन दिलेले बेअरिंग टेकलेले असे. टॉवरने बेअरिंगच्या माथ्याला तेल घालण्यासाठी भोक पाडले. तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने भोकात बूच मारले, बूच उडाले. तेव्हा त्याने तेथे दाबमापक लावला. बेअरिंगवरील भार सरासरीने पाहता दर चौरस इंचास १०० पौंड होता. मापकाचा काटा मात्र २०० च्या पलीकडे गेला आणि मापक अपुरा पडला. कोणताही पंप नसताना हा दाब कोठून आला? ऑस्बोर्न रेनल्ड्स याने १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा दंड तेलाला आपल्याबरोबर ओढून नेतो. दंड आणि बेअरिंग यांमधील फट सर्वत्र सारखी नसते. भाराच्या बाजूस ती निमुळती होत जाते. त्या निमुळत्या जागेत तेल कोंबले जाते आणि त्याचा दाब एवढा वाढतो की दंड धातूला न टेकता तेलाच्या पापुद्र्यावर तरंगू लागतो. दंड स्वतःच आपला पंप असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तेलपंपाचा दाब क्रँकशाफ्टला उचलून धरीत नाही. आधुनिक एंजिनात पंपाचा दाब दर चौरस इंचास साधारण ४० ते ६० पौंड असतो. पिस्टनवर स्फोट होताना बेअरिंगवर येणारा भार त्याच्या कित्येक पट असतो. पंपाचे काम एवढेच की, बेअरिंगच्या दोन्ही कडांनी जे तेल निसटून जाते त्याची भरपाई करावी, आणि जाता जाता त्या तेलाबरोबर उष्णता बाहेर न्यावी. ज्या बेअरिंगला तेल मुबलक पोहोचत आहे त्याला, ते शिंतोड्यांनी पोहोचते की दाबाने, याचा फारसा फरक पडत नाही. २० अश्वशक्तीचे, मिनिटाला १६०० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण जोर देणारे मॉडेल टीचे एंजिन शिंतोड्यांवर वर्षानुवर्षे चालले यात म्हणूनच नवल नाही. टॉवरच्या प्रयोगाचा दुसराही एक धडा आहे, आणि तो पुष्कळदा विसरला जातो. तेलाचे भोक भाराच्या बाजूला पाडले तर तेल आत जाणार नाही. उलट, तयार झालेला पापुद्राच त्यातून फुटून जाईल. ते भार नसलेल्या बाजूलाच हवे.

मग तक्रार कोठे उद्भवते? ती पापुद्र्यात नसून पुरवठ्यात आहे. मॉडेल टीचे गिअर बदलणारे पट्टे सुती अस्तराचे असून ते त्याच तेलात चालतात. अस्तर झिजते, त्याचे तंतू तेलात मिसळतात आणि पुढे जाणारी ती एकुलती एक नळी बुजते. नळी बुजली हे कळण्यास कोणतेही साधन नाही. दुसरी अडचण चढाची. चढावर गाडीचे तोंड वर होते आणि तेल आपल्या स्वभावाप्रमाणे मागे धावते. पुढच्या रॉडाखालची पन्हळ नळीतून येणाऱ्या धारेवरच अवलंबून राहते. एंजिनावर सर्वांत अधिक ताण असतो तोही याच वेळी. बोरघाटासारख्या लांब चढणीची कल्पना केली म्हणजे पुढच्या बेअरिंगची स्थिती काय होत असेल ते ध्यानात येईल. तिसरी अडचण वेगाची. वेग वाढला की निसटणारे तेल वाढते, उष्णता वाढते, आणि बॅबिट धातूचे, म्हणजे मुख्यतः कथील व त्यात थोडे तांबे आणि अँटिमनी अशा मिश्रणाचे अस्तर सुमारे २४० अंश सेल्सिअसलाच मऊ पडून वितळू लागते.

ही दुखणी त्या काळीही माहीत होती. मोठ्या छिद्राची बाहेरून जाणारी नळी, मोठे नरसाळे, तंतू अडविणारी जाळी, रॉडाच्या तळाला लावावयाची लहान पळी अशी कितीतरी जोडसामग्री बाजारात मिळे. शर्यतीच्या शौकिनांनी तर याच एंजिनावर झडपा वर असलेली नवी माथी बसवून त्याची शक्ती वाढविली. तशी माथी तयार करणाऱ्यांत ज्याचे नाव दुसऱ्याच एका गाडीला लाभले तो लुई शेव्रोले हाही होता. इतक्या वेगाला शिंतोडे पुरेनात, तेव्हा काहींनी पंपाचा आश्रय घेतला. आजचे हौशी कारागीर तेच मार्ग पुन्हा चोखाळीत असतात.

फोर्डने स्वतः पंप स्वीकारला तो १९२७ च्या डिसेंबरात आलेल्या ‘मॉडेल ए’ मध्ये. पण कसा ते पाहण्यासारखे आहे. तेलाच्या तळपात्रात कॅमशाफ्टच्या साहाय्याने फिरणारा दंतचक्री पंप आहे. तो तेल बेअरिंगांत घुसवीत नाही. तो ते झडपांच्या कप्प्यात नुसते वर नेऊन ठेवतो; तेथून ते स्वतःच्या वजनाने मुख्य बेअरिंगांत उतरते, आणि रॉडांची बेअरिंगे पूर्वीप्रमाणेच पन्हळींतल्या शिंतोड्यांवर राहतात. विहिरीवरच्या मोटेने पाणी थारोळ्यात ओतावे व पुढे ते पाटाने जावे, तसा हा प्रकार आहे. १९३२ च्या व्ही-आठ एंजिनात रॉडांपर्यंत दाबाने तेल गेले, तेव्हा फोर्डकडे ही स्थित्यंतरे पुरी झाली. शेव्रोलेने तर अधिक सावकाशी दाखविली. १९२९ मध्ये आलेल्या तिच्या सहा सिलिंडरी एंजिनात मुख्य बेअरिंगांना पंपाचे तेल होते, परंतु रॉडांच्या पळ्यांवर नळ्यांतून धार सोडण्याची पद्धत पुढे जवळजवळ पाव शतक टिकली. संपूर्ण दाबाची व्यवस्था १९५३ मध्ये काही गाड्यांत व १९५४ मध्ये सर्व गाड्यांत आली. मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता, त्यामुळे शेव्रोलेचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाले. ‘पंप असणे’ आणि ‘दाबाचे वंगण असणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या गाडीला पंप बसविला असे कोणी सांगितले तर, तो तेल कोठपर्यंत नेतो, हा पहिला प्रश्न विचारावा.

तो प्रश्न विचारला म्हणजे पंप जोडण्याचे प्रकार आपोआप वेगळे होतात. सर्वांत सौम्य प्रकार असा: तळाच्या बुचाच्या जागेतून तेल घ्यावे, लहान पंप कॅमशाफ्टच्या टोकावरून, पट्ट्याने वा विजेच्या मोटारीने फिरवावा, तेल गाळणीतून न्यावे आणि एंजिनाच्या पुढच्या भागात नुसते सोडावे. नळी बुजण्याचे व चढावर पुढचा भाग कोरडा पडण्याचे भय याने बहुतांशी जाते. ब्लॉकला नवे भोक पडत नाही. गाळणीचा लाभ तर पंपाहूनही मोठा मानावा लागेल, कारण शिंतोड्यांच्या एंजिनात गाळणी बसविण्यास मुळी जागाच नसते. आजची तेले मळ तळाशी बसू न देता आपल्याबरोबर वाहून नेतात. गाळणी नसेल तर तो मळ बेअरिंगांतून फिरत राहतो.

दुसरा प्रकार मुख्य बेअरिंगांना दाबाने तेल देण्याचा. येथे ब्लॉकला वरून भोके पाडावी लागतात, बेअरिंगांची फट अचूक राखावी लागते, आणि मागच्या बेअरिंगातून जे जादा तेल बाहेर पडेल त्याला वाट व अडसर दोन्ही द्यावे लागतात. हा शेवटचा मुद्दा मॉडेल ए च्या बाबतीत फार नडतो. मूळ रचना थेंबथेंब उतरणाऱ्या तेलाची. तिच्यावर दाबाचे तेल सोडले की ते क्लचपर्यंत पोहोचते.

तिसरा प्रकार क्रँकशाफ्टला आरपार छिद्रे पाडून रॉडांपर्यंत दाब नेण्याचा. वर्तमान एंजिने अशीच असतात, म्हणून हा प्रकार सर्वांत मोहक वाटतो आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. मॉडेल टीच्या क्रँकशाफ्टचा बेअरिंगातील व्यास अवघा सव्वा इंच. मूळ स्थितीतही तो मोडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मॉडेल ए मध्ये मुख्य बेअरिंगांतील व्यास एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच करावा लागला, यातच काय ते आले. अशा सडपातळ दंडाला छिद्र पाडणे म्हणजे ताण एकवटण्यास नवी जागा करून देणे. ज्यांना रॉडांना दाबाचे तेल द्यावयाचेच आहे त्यांनी जुना क्रँक पोखरू नये. छिद्रांसकट नव्याने घडविलेला, तोलाची वजने असलेला क्रँक घालून जुना जपून ठेवावा.

आणि कोणत्याही प्रकारात पन्हळी काढून टाकू नयेत. रात्रभर उभ्या असलेल्या एंजिनाच्या पन्हळींत तेल भरलेलेच असते. पहिल्या फेऱ्याला रॉड त्यात बुडतो. पंपाला तेल वर चढवावयास काही क्षण लागतात, पट्टा तुटला तर तो मुळीच चढवीत नाही. दाबाची तबकडीही सर्वज्ञ नसते. ती जेथे जोडली आहे तेथला दाब सांगते. पुढच्या रॉडाची वाट बुजली असेल तर दाब उलट थोडा वाढलेलाच दिसेल.

आता उरतो तो गाडीच्या मूळपणाचा प्रश्न. पंप जोडलेली मॉडेल टी ही मॉडेल टी राहते काय? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, फिव्हाने, २०१२ मध्ये तुरिनची सनद स्वीकारली. हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि केलेल्या बदलांची नोंद राहावी असा तिचा रोख आहे. ज्यांना पाठचिकित्सेचा परिचय आहे त्यांना ही भूमिका नवी वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संपादकांनी हस्तलिखितांतील पाठभेद तळटीपांत नोंदविले. स्वीकारलेला पाठ वर आणि टाकलेला पाठ खाली, पण दोन्ही वाचकाच्या डोळ्यांसमोर. हस्तलिखितावरच खाडाखोड करून ‘सुधारलेला’ पाठ लिहिणारा लेखनिक आणि टीपेत आपली सूचना देणारा संपादक यांत जो भेद आहे, तोच ब्लॉकला भोक पाडणे आणि बुचाच्या जागेतून पंप जोडणे यांत आहे. ही तुलना फार ताणू नये हे खरे. हस्तलिखित वाचल्याने झिजत नाही म्हटले तरी चालेल. एंजिन चालविल्याने झिजते. गाडी चालवावयाचीच असेल तर काही ना काही बदलणारच, बॅबिट धातू तर पुन्हा पुन्हा ओतावाच लागतो. परंतु बेअरिंग वितळून रॉडाने ब्लॉक फोडला तर मूळ पाठच नष्ट होतो, आणि काढता येईल असा पंप जोडून ते टळत असेल तर मूळपणाच्या नावाखाली त्याला विरोध करणे अनाठायी आहे. क्रँक पोखरण्याचे समर्थन मात्र याच न्यायाने करता येणार नाही.

व्यवहारात यासाठी फार काही करावे लागत नाही. नव्या भागांवर वर्ष कोरून ठेवावे, काढलेले बूच, नळी व नरसाळे चिठ्ठीसह एका पेटीत गाडीबरोबरच राहू द्यावे, आणि कोणत्या पन्हळीत, कोणत्या बाजूने, किती व्यासाच्या नळीने तेल सोडले याची आकृती गाडीच्या कागदपत्रांत लावावी. कारण पुढे ती गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला गाडीखाली शिरून तोट्या उघडताना पातळीचा जुना नियम अजून लागू आहे की नाही, हे कळावयास दुसरा मार्ग नसतो.